कंपनीचे शॉकअप

"याला शॉकअप म्हणायचं? सायकलच्या पंपात याहून जास्त दम असतो."

आवाज मशीनच्या पोटाखालून आला आणि थेट माझ्या कानात शिरला, कारण मी टॉर्च धरून तिथेच उकिडवी बसले होते. बोलणारा माझ्या बहिणीचा दीर. घरात सगळे त्याला धाकटा म्हणतात. टक्कल पडलं तरी धाकटाच. पाठीवर झोपून, नाकाला काळं ग्रीस लावून तो मशीनला बोलत होता. माणसांशी तो एवढं सलग बोलत नाही.

"टॉर्च इकडे, ताई. बघ, या रबरी बुशचा भुगा झालाय. पाळण्याच्या स्प्रिंगा काढून लावल्यात मेल्यांनी."

"मग मेल्यांना सांग. माझ्या कानात कशाला ओततोस?"

"ते येतात का इथे ऐकायला?"

कंपनीवाले काही येत नव्हते. म्हणून आम्हीच एकमेकांना ऐकवायचो. इतर घरांत चहाच्या वेळी व्याह्यांना नावं ठेवतात, आमच्याकडे कंपनीच्या शॉकअपना ठेवायचे. धाकटा म्हणायचा, "पंप." माझी भाची म्हणायची, "पंपाचा अपमान करू नकोस, काका." माझी बहीण कपबशा उचलता उचलता म्हणायची, "माणसाच्या जिवाची पर्वाच नाही त्यांना." आणि उस्ताद शेवटचा शब्द टाकायचे, "फालतू माल." मग सगळ्यांना बरं वाटायचं.

उस्ताद म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. आमचं सगळं घर त्यांच्या मैदानावर चालतं. वस्ती संपते तिथे हे माळरान आहे आणि त्यावर आम्ही एटीव्ही फिरवायला देतो. चार जाड टायर, मोटरसायकलसारखं हँडल आणि वर बसणाऱ्याला उगाच राजा झाल्यासारखं वाटावं अशी सीट. मी खिडकीत बसून हेल्मेटं देते. रोज इतकी डोकी हाताखालून जातात, पण ज्याला उडी मारायची सगळ्यात जास्त हौस, तो टेकायचं कसं हे कधीच विचारत नाही. फोटो कुठून चांगला येईल ते विचारतो.

उडीची जागा मैदानाच्या टोकाला. मातीचा उंचवटा, अलीकडून चढ, पलीकडून लांब उतार. चढावरून मशीन सुटतं, हवेतून जातं आणि उतारावर टेकतं. हा उंचवटा उस्तादांनी स्वतः फावड्याने घातला होता. तरुणपणी त्यावरून ते उडाले की बघणारे बोलता बोलता थांबायचे. मशीन वर आणि माणूस त्याहून वर, फूटरेस्टवर उभा, गुडघ्यांत सैल. खाली टेकताना चाकं दबायची, मग गुडघे दबायचे आणि धक्का असा विरून जायचा की वाटावं, माती मऊ असेल. मीही ते पाहिलं आहे. मला या धंद्यातल्या पुरुषांचं फारसं कौतुक नाही, तरी ते होतं.

आता ते बसून उडत.

हे कुणी बोलत नव्हतं. नवीन गिऱ्हाइकांना "उभे राहा, गुडघे वाकवा" हा धडा पूर्वी उस्ताद द्यायचे. तो हळूहळू भाचीकडे गेला. का गेला, कुणी विचारलं नाही. मशीनवर चढायला एक लाकडी खोकं शेजारी पडलेलं असायचं. ते तिथे कुणी ठेवलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. फक्त ते हललं तर सगळे मिळून शोधायचे. घरात जिना उतरताना उस्ताद कठड्याला हात लावून, आडवे, एकेक पायरी उतरायचे आणि तेवढ्या वेळात आम्हा सगळ्यांना काहीतरी काम आठवायचं.

बसून उडणाऱ्याचा धक्का शॉकअपने घ्यायचा तेवढा घेतला की उरलेला सरळ कण्यात जातो. मशीन 'ठण्' करून तळाला आपटतं आणि माणूसही. उस्ताद आपटायचे आणि म्हणायचे, "नरम आहे. घट्ट कर."

धाकटा घट्ट करायचा. स्प्रिंगच्या बुडाशी खाचांची एक कडी असते, पान्याने एक खाच फिरवली की स्प्रिंग आवळते. पुढच्या वेळी पुन्हा ठण्. पुन्हा एक खाच. असं करत करत सगळ्या स्प्रिंगा शेवटच्या खाचेवर आल्या. आता मशीन दबतच नव्हतं. टेकल्यावर ते उलट वर लाथ मारायचं. हे धाकट्याला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणाची मशीन अशी आली असती तर त्याने मालकाला दारातच फाडून खाल्लं असतं.

आणि माझी बहीण! तिने सीट उसवून आत स्पंजचा थर घातला. मग आणखी एक. मग आणखी. सीटचा सोफा झाला. आता त्यावर बसलेल्या उस्तादांचे पाय फूटरेस्टला जेमतेम टेकायचे, म्हणजे उभं राहायची जी काही आशा होती तीही गेली. एवढं प्रेम आणि एवढा बिनडोकपणा एकाच शिवणीत मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मागच्या आठवड्यात जे झालं, त्यानंतर मात्र घरातल्या चहाला चव राहिली नाही. उस्ताद उडाले, ठण् करून टेकले, मशीन घेऊन शेडपर्यंत आले आणि उतरलेच नाहीत. हँडल धरून, मान किंचित तिरकी करून बसले.

"काय झालं हो?" बहिणीने विचारलं.

"इंजिन ऐकतोय."

धाकट्याने मान हलवली. भाचीने मान हलवली. बहिणीने चहा आणून हातात दिला. इंजिन बंद होतं. चहावर साय धरली तरी उस्ताद ऐकतच होते. मग त्यांनी आधी एक पाय हाताने उचलला, मग दुसरा, आणि खोक्यावर टेकवला.

संध्याकाळी बहीण स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. विळीवर नजर ठेवून म्हणाली, "पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणाले. कमरेखाली काहीच कळत नव्हतं थोडा वेळ."

"हाडांच्या डॉक्टरांकडे गेला होतात ना मध्ये?"

"गेलो होतो. गुडघ्यात गादीच उरली नाही म्हणाले. मणक्यालाही मार बसलाय. आता असा एक जरी जोराचा धक्का बसला तर पाय कायमचे जातील."

"मग?"

"मग काय? हे बाहेर येऊन म्हणाले, डॉक्टरला मशीनमधलं काय कळतं."

"आणि तू काय म्हणालीस?"

तिने भाजी ताटात ओढली. "मी म्हटलं, कंपनीचे शॉकअपच फालतू."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्यापेक्षा लहान. लहानपणी तिची वेणी मीच घालायचे. त्या वेळी जशी डोकं आखडून बसायची, तशीच आत्ता बसली होती. "बये, तुला नवरा हवाय की उस्ताद?" असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात उस्ताद जिन्यावरून आडवे उतरू लागले, आणि मला कुकरची शिटी मोजायची आठवण झाली.

अशात शोरूमवाला उगवला.

भरभक्कम माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, त्याची बटणं पोटावर जिवावर उदार होऊन उभी. भाचीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'इस्त्री' ठेवलं. त्याला नवीन मॉडेल खपवायचं होतं. येत्या रविवारी आमच्या मैदानावर गिऱ्हाइकं जमवायची आणि उस्तादांनी त्यांच्यासमोर नवंकोरं मशीन मोठ्या उंचवट्यावरून उडवायचं.

"एक स्क्रूसुद्धा न बदलता," इस्त्री बोट वर करून म्हणाला. "जसं कंपनीतून आलं तसं. लोकांना दिसू दे, आमचं सस्पेन्शन काय चीज आहे."

उस्ताद असे हसले की मला त्या माणसाची कीव यावी. "तुमचं सस्पेन्शन? साहेब, ते बाजारातून भाजी आणायला ठीक आहे. रस्त्यात खड्डा लागला तर टोमॅटो फुटणार नाहीत, एवढी गॅरंटी मी देतो."

"मग उडवू नका."

"उडवणार नाही कोण म्हणालं? उडवीन. आणि तुमची स्प्रिंग तुमच्या हातात काढून देईन सगळ्यांसमोर."

झालं. मी खिडकीतून आमच्या माणसांकडे पाहिलं. बहिणीच्या हातातलं फडकं थांबलं होतं. धाकटा स्वच्छ बोटांवरचं नसलेलं ग्रीस पुसत होता. भाची म्हणाली, "बाबा, मी उडवते ना. नवीन मशीन आहे, मला—"

"तू? तू उतरतेस का, पोतं टाकल्यासारखी पडतेस."

सपशेल खोटं. ती पोर मांजरासारखी उतरते. पण तिने मान खाली घातली आणि "बरं, बाबा" म्हणाली. तिचं वय बघता तिने फाडकन उत्तर द्यायला हवं होतं. आमच्या घरात मुलीही वेळेआधी शहाण्या होतात आणि नको तिथे.

रविवारच्या आधी एक दिवस इस्त्री मशीन घेऊन आला. सकाळची वेळ, मैदान रिकामं, दव वाळायचं होतं. चकचकीत मशीन ट्रकमधून उतरवताना धाकट्याने हाताने पुढचा भाग खाली दाबून पाहिला. तो सुस्कारा सोडल्यासारखा दबला आणि हळूच वर आला.

"बघ," उस्ताद म्हणाले. "लोणी. घट्ट कर."

"नाही हं," इस्त्री मध्ये आला. "ठरलंय आपलं. कंपनीचं सेटिंग."

"अहो, माणूस मरेल यावर!" धाकटा एकदम ओरडला. आणि मग, घाईघाईने, "म्हणजे कुणीही मरेल. कोणताही माणूस."

"कोणताही कसा? तुमची पुतणी बसू दे. बघू मरते का."

भाचीने वडिलांकडे पाहिलं. उस्तादांनी हात झटकला, जा म्हणून. ती गेली, चढावर आली, सुटली. हवेत उभी होती, गुडघ्यांत वाकलेली, कोपरं बाहेर. पलीकडच्या उतारावर मशीन टेकलं, मऊ 'हुश्श' असा आवाज आला आणि ती वळून परत आलीसुद्धा.



"हलकी आहे ती," माझी बहीण म्हणाली.

"हलकी आहे ना," धाकट्याने लगेच उचलून धरलं. "वजनच नाही. मशीनला कळलं तरी पाहिजे, वर कुणी आहे म्हणून."

"वाऱ्याने उडते पोरगी," उस्ताद म्हणाले. "खऱ्या माणसाचं वजन पडू दे, मग बघ कंपनीचा माल."

मला वाटलं, निभावलं. आमचं घर अशा निभावण्यात पटाईत आहे. पण इस्त्रीला चेव चढला. त्याने कंबरेचा पट्टा वर ओढला आणि म्हणाला, "माझं वजन खरं आहे ना? द्या हेल्मेट."

मी सगळ्यात मोठं हेल्मेट काढलं. ते त्याच्या डोक्यावर दाबून बसवताना मनातल्या मनात म्हटलं, बाबा, तुझी इस्त्री आता मोडणार. मला या माणसाबद्दल आदर वाटावा असं त्याने आजवर काहीही केलं नव्हतं. त्याच्या बुटांना टाचा होत्या. फूटरेस्टवर पाय ठेवायच्या आधी त्याने रुमालाने ती पुसली. धाकटा माझ्या शेजारी येऊन पुटपुटला, "ताई, औषधाची पेटी कुठे आहे?" पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जरा जान आली होती.

इस्त्री लांबून आला. वेग काही कमी नव्हता. चढाच्या तोंडाशी तो सीटवरून उठला. सगळा तो डोंगर, टाचांसकट, फूटरेस्टवर उभा राहिला आणि हवेत गेला. दिसायला भयंकर होतं. शर्टाचं शेवटचं बटण तिथेच शहीद झालं. पण खाली येताना तो माणूस गुडघ्यांत असा वाकला, की जणू कुणीतरी त्याला प्रेमाने खुर्ची दिली. चाकं दबली. खूप दबली, तळाला लागतील असं वाटेपर्यंत. 'ठण्' काही आलं नाही. मशीन उतारावरून सुरळीत उतरलं.

"कंपनीच्या ट्रेनिंगला आम्हाला सगळ्यांना उडवतात," तो धापा टाकत, उघड्या पोटानिशी म्हणाला. "सेल्समनलासुद्धा. उभं राहायचं, बस. याहून मोठी उडी असेल, नाहीतर सपाट जमिनीवर पडायचं असेल, तर मीच सांगीन की हे शॉकअप नकोत, भारीतले घाला. पण एवढ्याला काय धाड भरलीय?"

आता हलकी म्हणायला कुणी उरलं नव्हतं. आम्ही सगळे माती बघत होतो. मैदानात मातीखेरीज बघण्यासारखं खूप काही आहे, पण आम्ही मातीच बघत होतो. बहिणीने पदराचा कोपरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"वेग नव्हता," उस्ताद म्हणाले.

"होता, बाबा," भाची अगदी हळू म्हणाली.

"तुला काय कळतं? असा वेग म्हणजे बैलगाडी! मी येतो तसा कोणी आलंय का? मी उद्या येईन तेव्हा बघा. हा बाजारू माल माझ्याखाली टिकणार नाही, म्हणून सांगतोय. धाकट्या, पाना आण."

इस्त्री काही बोलणार होता, पण मी डोळ्यांनी दटावलं. त्यालाही एव्हाना काहीतरी वेगळं चाललंय हे समजलं असावं. तो शर्ट खोचत ट्रककडे वळला.

धाकट्याने पाना आणला.

"शेवटच्या खाचेवर," उस्ताद म्हणाले. "चारही."

"दादा, कंपनीचं सेटिंग ठरलंय ना."

"ठरलं त्याच्या बापाचं! सांगतोय ते कर. आणि वहिनीला म्हणावं, आपली सीट यावर चढव."

बहीण हलली नाही. धाकटा मशीनशेजारी गुडघे टेकून बसला. पाना कडीला लावला. त्याचे वडील लवकर गेले. याच भावाने त्याला शाळेत पोचवलं, सायकल शिकवली, पहिला पाना हातात दिला. घट्ट कर म्हटलं की त्याने घट्ट केलं, सैल कर म्हटलं की सैल. मी त्याला आयुष्यात एकदाही दादासमोर 'पण' म्हणताना ऐकलेलं नाही. मला त्याचा त्या क्षणी इतका राग आला की टॉर्च असता तर डोक्यात घातला असता. फिरव, म्हटलं मनात. फिरव, आणि उद्या भावाला उचलून आण शेडमध्ये.

पाना कडीला लागलेला होता. हात फिरत नव्हता.

"गंज चढलाय का?" उस्तादांनी विचारलं.

"नवं मशीन आहे, दादा."

"मग फिरव की!"

"नाही फिरवत."

"काय?"

धाकट्याने पाना मातीत ठेवला. मशीनकडेच बघत बसला. भावाकडे बघायची हिंमत अजून आली नव्हती. बहिणीने माझा दंड घट्ट धरला. मग तो वळला आणि जमिनीवर बसूनच त्याने मान वर केली.

"शॉकअप चांगले आहेत, दादा," तो म्हणाला. "आधीचेही चांगलेच होते. गुडघे गेलेत तुझे."